बेथेलचा नवस

धर्मांतराच्या इतिहासांत दीक्षेच्या दिवसाला फार मोठें स्थान मिळतें. कोणीं, कोणत्या सालीं, कोणाच्या हातून बाप्तिस्मा घेतला, त्या वेळीं गांवांत कशी खळबळ उडाली, कोणत्या पत्रानें निषेध केला व कोणत्या पत्रानें समर्थन केलें, या सर्वांची नोंद स्वपक्षानें व प्रतिपक्षानें सारख्याच उत्साहानें ठेविलेली असते. परंतु त्या दिवसानंतर दुसरी सकाळ उगवते. चूल पेटवावी लागते, पाणी भरावें लागतें, सावकाराचा माणूस दारांत येऊन उभा राहतो, मुलीचें लग्न ठरवावयाचें असतें, म्हाताऱ्या आईला कोठें पुरावें हें विचारावयाचें असतें. या दुसऱ्या सकाळचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. वस्तुतः कोणत्याही धर्माचा कस लागतो तो वादसभेंत नव्हे, या सकाळींच लागतो.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाच्या बाबतींत ही सकाळ कशी उगवली हें पाहावयाचें असेल तर मुंबई-पुण्यापेक्षां जुन्या औरंगाबाद जिल्ह्याकडे वळणें अधिक उपयोगाचें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जालन्याजवळ बेथेल नांवाची एक ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. जालना त्या काळीं निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला, आणि खुद्द औरंगाबादेचें नांव २०२३ मध्यें छत्रपति संभाजीनगर असें झालें. प्रस्तुत लेखांत जुन्या काळासंबंधीं बोलतांना त्या काळचींच नांवें ठेविलीं आहेत.

बेथेल हें नांव बायबलांतील आहे. वडील भावाशीं कपट करून घरांतून पळालेला याकोब वाटेंत रात्र झाली म्हणून उघड्या माळावर दगड उशाला घेऊन निजला. स्वप्नांत त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोंचलेली शिडी दिसली. जाग आल्यावर त्यानें त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचें घर, असें नांव दिलें आणि एक नवस केला. उत्पत्तीच्या पुस्तकांतील हा नवस लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे. इतकें भव्य स्वप्न पाहिलेल्या या मनुष्यानें ज्ञान मागितलें नाहीं, राज्य मागितलें नाहीं, मोक्षही मागितला नाहीं. देवानें सोबत करावी, खावयास अन्न द्यावें, नेसावयास वस्त्र द्यावें आणि बापाच्या घरीं सुखरूप परत न्यावें, एवढेंच त्याचें मागणें होतें. मराठी वाचकाला नवस हा शब्द समजावून सांगण्याचें कारण नाहीं. खंडोबाच्या किंवा तुळजाभवानीच्या दारांत उभा राहून आपला कुणबी जें मागतो तें याच जातीचें असतें. अन्न, वस्त्र आणि बापाचें घर या तीन मागण्या ध्यानांत ठेवून पाहिलें तर जालन्याच्या बेथेलचा, किंबहुना एकंदर मराठी ख्रिस्ती समाजाचा, प्रपंच नीट उलगडतो.

या वसाहतीचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे जन्मानें ब्राह्मण. मुंबईंत स्कॉच मिशनच्या विद्यालयांत शिकत असतां त्यांच्या मनाचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला व १८४३ मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्यांच्यामागून मिशनच्या आश्रयास गेला होता. परंतु तो अल्पवयी असल्यामुळें वडिलांनीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत दाद मागितली आणि कोर्टानें मुलाला वडिलांच्या स्वाधीन केलें. एवढ्यानें प्रकरण मिटावयास हवें होतें, परंतु खरें प्रकरण तेथून पुढेंच सुरू झालें. मिशनऱ्यांच्या घरीं राहून जेवलेल्या या पोराला प्रायश्चित्त देऊन ज्ञातींत परत घ्यावें कीं घेऊं नये, यावर मुंबईच्या हिंदु समाजांत दोन तट पडले. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांनीं शुद्धीचा पक्ष उचलून धरिला. जुन्या मताच्या मंडळींनीं त्यांच्यावरच बहिष्काराचें अस्त्र उपसलें. न्यायासनाच्या हुकुमानें पोर बापाच्या उंबरठ्यापर्यंत येऊं शकलें, परंतु पंक्तीला बसविण्याची शक्ति कोणत्याही न्यायासनाजवळ नव्हती. थोरला भाऊ घराबाहेर आणि धाकटा घरांत असूनही बाहेरच, हें दृश्य नारायण शेषाद्रींनीं ऐन तारुण्यांत पाहिलें होतें. पुढें बहिष्कृतांसाठीं एक नवें गांव वसविण्याची कल्पना ज्या मनुष्यानें प्रत्यक्षांत आणिली, त्याच्या आयुष्याचा आरंभ असा आहे.

१८५४ मध्यें त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली आणि १८६२ च्या सुमारास ते जालन्यास आले. कुंडलिकेच्या कांठचें हें गांव तेव्हां मोगलाईंतील एक भरभराटीची पेठ असून गांवाच्या पूर्वेस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. भोंवतालच्या खेड्यांत त्यांचें म्हणणें ऐकावयास जे लोक जमूं लागले ते बहुतांशीं मांग व महार होते. मुंबईच्या विद्यालयांत वेदान्त व ख्रिस्ती तत्त्वज्ञान यांचा वाद घालण्यांत तरबेज झालेल्या या विद्वानापुढें आतां अगदीं निराळे प्रश्न येऊन पडले.

ते प्रश्न समजण्यासाठीं बलुत्याची पद्धत ध्यानांत घेतली पाहिजे. खेड्यांतील महार हा वेसकर. वेशीची राखण करणें, सांगावा पोंचविणें, मेलेलें ढोर ओढणें हीं त्याचीं कामें. मांग दोर वळी, केरसुण्या बांधी, देवीच्या जत्रेंत व लग्नकार्यांत वाजंत्री वाजवी. या कामांच्या मोबदल्यांत खळ्यावर त्यांना धान्याचा वांटा मिळे. हा वांटा तुटपुंजा आणि अपमानानें माखलेला होता, परंतु वर्षाची भाकर त्यावरच अवलंबून होती. आतां ज्या मांगानें ख्रिस्ती उपदेश मनापासून स्वीकारला त्यानें देवीपुढें हलगी वाजवावी कीं नाहीं? वाजवावी तर नव्या धर्माला बाध येतो. न वाजवावी तर गांवकी त्याचा वांटा बंद करते. महारानें मेलेल्या जनावराचें मांस सोडलें आणि ढोर ओढण्याचें नाकारलें तर पाटलाच्या दृष्टीनें तो चाकरी चुकविणारा ठरतो. सात दिवसांतून एक दिवस विसांव्याचा पाळावा ही आज्ञा वाचावयास गोड आहे. ज्याला रोजच्या मजुरीवर त्याच संध्याकाळचें पीठ आणावयाचें आहे त्याला ती एक दिवसाच्या उपासाला पडते. शहरांतील सुशिक्षित धर्मांतरितापुढें सत्य काय हा प्रश्न होता. खेड्यांतल्या धर्मांतरितापुढें तोच प्रश्न भाकरीच्या रूपानें उभा राहिला.

कायद्याचा आधार म्हणावा तर तोही अपुरा. धर्म किंवा जात बदलल्यामुळें वारसा-हक्क बुडूं नये असा १८५० चा २१ वा कायदा ब्रिटिश अमलाच्या मुलखांत झाला होता, परंतु जालना निजामाच्या राज्यांत होतें. शिवाय ज्याच्या नांवावर वीतभर जमीन नाहीं त्याला वारसा-हक्काच्या कायद्याचा उपयोग तरी काय? गांवच्या काळींत ज्यानें पिढ्यान् पिढ्या घाम गाळला, त्याचें घर गांवच्या पांढरींत कधींच नव्हतें. तेव्हां नारायण शेषाद्रींनीं कोर्टाची वाट सोडून दरबाराची धरिली. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडून त्यांनीं वसाहतीसाठीं जमीन मिळविली आणि १८७० च्या सुमारास तेथें बेथेल आकाराला येऊं लागलें. प्रार्थनामंदिर, शाळा, विहिरी, राहतीं घरें आणि कसण्यास शेत, असा त्या गांवाचा संसार होता. मुसलमानी राज्याच्या मुसलमान दिवाणानें, ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या ख्रिस्ती पाद्र्याला, मांग-महारांच्या वस्तीसाठीं जमीन द्यावी, ही घटना आपल्या इतिहासांत जितकी लक्षांत राहावयास हवी तितकी राहिलेली नाहीं.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो त्या काळींही घेतला जात असे. जमीन, विहीर व शाळा यांच्या लोभानें माणसें जमविलीं तर तो धर्म कसला? १८७६ ते १८७८ व पुनः १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत, मिशनांच्या आश्रयाला जेव्हां शेंकडों उपाशी माणसें आलीं, तेव्हां हा आक्षेप अधिकच तीव्र झाला. तो सर्वस्वीं खोटा आहे असें कोणीही प्रामाणिक इतिहासकार म्हणणार नाहीं. पोटासाठीं आलेलीं माणसें होतीं आणि सुगी येतांच परत गेलेलींही होतीं. परंतु या आक्षेपाच्या मुळाशीं एक समजूत आहे, ती अशी कीं, भाकरीचा प्रश्न धर्माच्या कक्षेबाहेरचा आहे. ज्याचें पोट भरलेलें आहे त्यालाच ही समजूत परवडते. नव्या करारांत याकोब या नांवाचें एक पत्र आहे. हा याकोब दगड उशाला घेणाऱ्या याकोबाहून निराळा, परंतु दोघांचें नांव एक असावें हा योगायोग मोठा सुंदर आहे. पत्रांतील याकोब विचारतो तें थोडक्यांत असें: उघड्या व उपाशी बांधवाला तूं सुखानें जा, ऊब घे, तृप्त हो, असा नुसता आशीर्वाद देऊन अन्नवस्त्र कांहींच दिलें नाहीं, तर त्या आशीर्वादाचा लाभ काय? पहिल्या याकोबानें देवाजवळ जें मागितलें तेंच दुसरा याकोब माणसाजवळ मागतो. बेथेलचें सारें धर्मशास्त्र या दोन याकोबांच्या मध्यें सांपडतें.

अन्नामागून वस्त्र. वस्त्र म्हणजे केवळ लाज झांकण्याचें कापड नव्हे. माणसाची पत आणि प्रतिष्ठाही त्यांत येते. आपल्याकडे कोणीं कसें नेसावें, कोणत्या धातूचा दागिना घालावा, हेंही जातीनें ठरविलें होतें. बेथेलमध्यें शेतीबरोबर सुतारकीसारख्या कारागिरीकडे लक्ष देण्यांत आलें, त्याचा अर्थ हाच आहे. दोर वळणारा हात पटाशी धरूं लागला कीं गांवाशीं त्याचें नातें बदलतें. बलुतें हें हक्काचें असलें तरी मागून आणावें लागे. मजुरी कामाच्या मोलानें मिळते. अक्षरओळखीचेंही तसेंच. दस्तऐवजावर अंगठा उठविण्यापूर्वीं त्यांत काय लिहिलें आहे हें वाचतां येणें, ही सावकाराच्या दारांतली केवढी सत्ता आहे हें खेडें पाहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको. खुद्द औरंगाबाद शहरांत चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीनें रतनजी नवरोजी या पारशी कुळांतील पाद्र्यांनीं याच काळांत वर्षानुवर्षें काम केलें. जालन्यास ब्राह्मण आणि औरंगाबादेस पारशी; ज्यांच्यामध्यें ते काम करीत त्यांची पंगत मात्र मुख्यतः अस्पृश्यांची. परस्परांच्या हातचें पाणी पिणें हीच त्या पंगतींत पहिली उपासना होती.

परंतु या वस्त्राला एक ठिगळही होतें. जमीन मिशनच्या हातीं, शाळा मिशनची, आजारांत औषध मिशनचें, आणि चार अक्षरें शिकलेल्या तरुणाला नोकरीही मिशनचीच. पाटलाच्या वाड्यापुढें जो हात जोडीत असे तो आतां साहेबाच्या बंगल्यापुढें जोडूं लागला. साहेब बहुधा पाटलापेक्षां दयाळू होता, तरी दयेवर जगणाऱ्याचा कणा ताठ होत नाहीं. नारायण शेषाद्रींना याची जाणीव नव्हती असें म्हणवत नाहीं. स्वतःची शेती व स्वतःचा कसब यांवर उभें राहणारें गांव वसविण्याची त्यांची खटपटच तें सांगते. तथापि पैशाचा ओघ परदेशांतून होता. १८७३ मध्यें न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेस ते गेले. हिंदी वेषांतला हा वक्ता तिकडील लोकांच्या कौतुकाचा विषय झाला. १८९१ मध्यें असाच परदेशचा प्रवास करून परत येत असतां बोटीवरच त्यांचा अंत झाला. ज्यानें इतरांसाठीं गांव वसविलें त्याला शेवटीं आपल्या गांवची माती मिळाली नाहीं.

नवसांतील तिसरी मागणी सर्वांत कठीण. बापाच्या घरीं परत जाणें हें दिवाणाच्या सनदेनें होत नाहीं कीं मिशनच्या देणगीनें होत नाहीं. बेथेल हें आश्रयस्थान होतें खरें, परंतु आश्रय घेणारा आपल्या गांवापासून तुटत होता. त्याच्या लेकींना सोयरीक दुरून आणावी लागे. भावकींतल्या मयताला तो गेला तरी बाजूस उभा राही. श्रीपत शेषाद्रीचें दुःख आतां खेडोपाडीं पसरलें. या तिसऱ्या मागणीचें उत्तर बेथेलला सांपडलें नाहीं. तें शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न गोदावरीच्या पलीकडे, नगर जिल्ह्यांत झाला.

नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्या घरावर जी कुऱ्हाड कोसळली तिची हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथामुळें मराठी वाचकांच्या घरोघरीं पोंचली आहे. नवरा हयात असून विधवेसारखे दिवस काढणाऱ्या या बाईनें कांहीं वर्षांनीं पतीजवळ राहावयाचें ठरविलें तें स्वतःचें सोंवळें न सोडतां. जातिभेद देवानें केलेला नाहीं हें तिला पटलें तें कोणाच्या प्रवचनानें नव्हे, तर स्वतःच्या विचारानें. आणि पटल्यावर तिनें तें आधीं ताटांत व पाण्याच्या भांड्यांत उतरविलें. १९०० मध्यें तिनें बाप्तिस्मा घेतला. पुढें अनाथ पोरांचा सांभाळ, नगरच्या प्लेगांतील शुश्रूषा, हें सर्व तिनें ज्या सहजपणें केलें व ज्या विनोदानें सांगितलें, त्यांत ख्रिस्ती शिकवण मराठी बाईच्या पदराला बांधलेली दिसते. तेथें ती पाहुणी राहिली नाहीं.

टिळकांनीं जें केलें तें भाषेच्या बाजूनें. परक्या चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें म्हणणाऱ्या मंडळींच्या हातीं त्यांनीं टाळ दिले आणि तोंडीं अभंग व भजन दिलें. ज्ञानोबा-तुकोबांचा वारसा सोडून ख्रिस्ताकडे जावें लागतें असें त्यांना वाटेना. तुकोबांच्या वाटेनेंच आपण तेथवर आलों असें ते म्हणत. बेथेलच्या मांगाच्या हातून जी हलगी सुटली होती तिची जागा आतां कीर्तनानें भरून निघाली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. आणि १९१७ मध्यें मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. दोन वर्षांतच, १९१९ मध्यें, त्यांचें निधन झालें, तेव्हां हा प्रयोग पुरता वाढीस लागला नाहीं. परंतु ज्या ठिगळाचा वर उल्लेख केला तें उसवून काढण्याचा तो सरळ प्रयत्न होता. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. बापाचें घर म्हणजे मातृभाषा असें मानलें तर टिळक दांपत्य तेथवर खचित पोंचलें.

मातृभाषेंत परत येणें आणि गांवांत परत येणें या मात्र दोन गोष्टी आहेत. १९३८ च्या आरंभीं सोलापूर येथें ख्रिस्ती बांधवांपुढें बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं ख्रिस्ताच्या शिकवणीविषयीं आदर दाखविला. परंतु अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांनीं सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडा केला नाहीं, असें स्पष्ट बजावलें. हा ठपका बोंचणारा असला तरी विचार करण्यासारखा आहे. निराळें गांव वसविणाऱ्यानें जुन्या गांवाची वेस मोडली नाहीं, तो वेशीपासून दूर गेला. स्वातंत्र्यानंतर राज्यानेंही ही ताटातूट वेगळ्या रीतीनें कायम केली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवण्यांत आला. पुढें १९५६ मध्यें शिखांना व १९९० मध्यें बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाहीं. धर्म बदलला म्हणजे जात गेली, असें कायदा धरून चालतो. वस्तींतल्या शेजाऱ्याला मात्र जुनी जात तोंडपाठ असते. एकाच आजोबाचे दोन नातू, एक बौद्ध व एक ख्रिस्ती, एकाच सरकारी कचेरींत निरनिराळ्या खिडक्यांपुढें उभे राहतात. बेथेलच्या पहिल्या रहिवाशांचा प्रश्न असा अद्यापि जिवंत आहे.

मग बेथेल फसलें असें म्हणावयाचें काय? तसा निकाल देणें उतावीळपणाचें होईल. त्या वसाहतीनें एक गोष्ट कायमची सिद्ध केली: प्रार्थनेला विहिरीची जोड लागते, आणि बंधुत्वाच्या उपदेशाला जमिनीच्या तुकड्याची. ज्या काळांत धर्माची चर्चा ईश्वर सगुण कीं निर्गुण या वादांतच रंगत असे, त्या काळांत एका विद्वान पाद्र्यानें मांगाच्या चुलीपासून धर्मशास्त्राला आरंभ केला. आजचा संसार बदलला आहे. बलुतें गेलें, कर्जाचे हप्ते आले. वेसकरी गेली, कारखान्याची पाळी आली. तरीही शिकवण आणि भाकर यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताच्या घरीं, मग तो कोणत्याही धर्माचा असो, रोज नव्यानें उभा राहतो. बेथेलनें त्याचें उत्तर पुरतें दिलें नाहीं, परंतु प्रश्न योग्य जागीं मांडला.

याकोबाच्या कथेचा शेवट बेथेल येथें होत नाहीं. वीस वर्षें परमुलखांत चाकरी करून तो घराकडे निघाला, तेव्हां वाटेंत रात्रभर त्याला एका अज्ञाताशीं झोंबी घ्यावी लागली आणि उजाडतांना तो लंगडत बाहेर पडला. समोरून वडील भाऊ एसाव येत होता. त्याचें भय याकोबाला सर्वांत अधिक होतें, कारण अपराध त्याचा होता. जालन्याच्या बेथेलमध्यें गेलेल्यांनीं कोणाला फसविलें नव्हतें. येथें तर अन्यायाचा भार घरीं राहिलेल्या थोरल्या भावाकडेच अधिक होता. म्हणून उपमा येथें उलटी लागू पडते. तरी कथेंतील एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे. नवसांतील तिसरी मागणी पुरी झाली ती याकोब चालत आला एवढ्यानें नव्हे. एसाव धांवत पुढें आला, त्यानें गळ्याला मिठी मारली, आणि मगच परतीची वाट मोकळी झाली. अन्न मिळवितां येतें, वस्त्र विणतां येतें. घराचें दार मात्र आंतून उघडावें लागतें.